आटे जुळत नाहीत तेव्हा

काही वर्षांपूर्वी नाशिकरोडला राहणारा माझा एक माजी विद्यार्थी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन घरी आला. त्याच्या काकांनी ती साठच्या दशकात मुंबईत एका खलाशाकडून विकत घेतली होती. अमेरिकन बनावटीची, स्ट्रॅटोकास्टर नावाच्या नमुन्याची. काका गेल्यानंतर ती बरीच वर्षे माळ्यावर पडून होती. पुतण्याने ती खाली काढली, पुसली, नव्या तारा चढवल्या, आतली तुटलेली वायर डाग देऊन जोडली. गिटार वाजू लागली. फक्त एक वस्तू हरवलेली होती : सूर थरथरवण्याची पोलादी दांडी. त्याने मुंबईहून नवी दांडी मागवली. दुकानदाराने ‘ही सगळ्यांना बसते’ असे सांगितले होते.

“सर, दोन फेरे आत जाते आणि अडकते,” तो म्हणाला. “पान्याने जोर लावून बसवू का?”

मी त्याला थांबायला सांगितले. त्या अडकलेल्या दांडीमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहे.

दांडीचे काम

स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ मध्ये बाजारात आली. तिचे निर्माते लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी त्यांचे दुरुस्तीचे दुकान होते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने वाद्य बनवले की ते कसे होईल? जो भाग बिघडेल तो काढून दुसरा लावता यावा, असे. फेंडर यांच्या गिटारची मान सरसाने चिकटवलेली नसते. ती चार स्क्रूंनी धडाला जोडलेली असते. मान खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी मान लावा.

तारा ज्या घोडीवरून जातात तिच्याखाली एक धातूचा ठोकळा असतो. तारांचा ताण त्याला एका बाजूला ओढतो, तर गिटारच्या पाठीमागील स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला. या ठोकळ्यात आट्यांचे भोक असते व त्यात दांडी फिरवून बसवतात. दांडी दाबली की घोडी किंचित कलते, तारांचा ताण कमी होतो आणि सूर खाली उतरतो. सोडली की स्प्रिंगा घोडीला जागेवर आणतात. ताण आणि सूर यांचा संबंध शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

फरक किती?

आम्ही नवी दांडी व्हर्निअरने मोजली. बाहेरचा व्यास ५ मिलिमीटर, आणि दोन आट्यांमधील अंतर, म्हणजे पिच, ०.८ मिलिमीटर. हा झाला मेट्रिक पद्धतीचा आटा. त्याला ‘एम ५’ म्हणतात. जुन्या अमेरिकन गिटारच्या ठोकळ्यातील आटा मात्र ‘१०-३२’ या नावाचा असतो. यातील ३२ म्हणजे एका इंचात बत्तीस आटे. १० हा व्यासाचा क्रमांक. क्रमांकावरून व्यास काढण्याचे सूत्र सोपे आहे : क्रमांकाला ०.०१३ ने गुणा आणि त्यात ०.०६० मिळवा. उत्तर इंचात येते. दहाला ०.०१३ ने गुणून ०.०६० मिळवले की ०.१९० इंच, म्हणजे सुमारे ४.८३ मिलिमीटर. पिच काढायची तर २५.४ ला ३२ ने भागा : सुमारे ०.७९४ मिलिमीटर.

आता दोन्ही आटे शेजारी ठेवा. पिचमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक, व्यासात ०.१७ मिलिमीटर. डोळ्यांना हे दोन्ही आटे सारखेच दिसतात. म्हणूनच फसवणूक होते. जाड ‘एम ५’ दांडी बारीक भोकात एकदोन फेरे जाते आणि अडकते. जोर लावला तर ती जाईलही, पण ठोकळ्यातील मूळ आटे कापत जाईल. याउलट १०-३२ ची दांडी ‘एम ५’ च्या भोकात सहज जाते, पण सैल राहून डगडगते. पहिल्या चुकीत जुने वाद्य बिघडते, दुसऱ्या चुकीत फक्त वाजवणारा वैतागतो.

हीच गत इतर भागांची. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाचा दांडा अमेरिकन असेल तर पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, मेट्रिक असेल तर ६ मिलिमीटर. जुन्या स्ट्रॅटोकास्टरची घोडी सहा स्क्रूंवर बसते. त्यांतील पहिल्या आणि शेवटच्या स्क्रूमधील अंतर सुमारे ५६ मिलिमीटर असते. नंतरच्या बऱ्याच गिटारींमध्ये ते ५२.५ मिलिमीटर आहे. चित्रात दोन्ही घोड्या सारख्याच दिसतात.

प्रत्येक कारखान्याचा आपला आटा

मुळात आट्यांची इतकी मापे का असावीत? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर परिस्थिती याहून वाईट होती. प्रत्येक कारखाना आपल्या मनाप्रमाणे आटे कापत असे. यंत्र उघडताना कोणता नट कोणत्या बोल्टचा हे खूण करून ठेवावे लागे, कारण दुसरा बसण्याची खात्री नसे.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एकच पद्धत सुचवली. तिच्यात आट्याच्या दोन उतारांमधील कोन ५५ अंशांचा होता आणि माथा गोलसर. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये वेगळी पद्धत मांडली. कोन ६० अंशांचा आणि माथा सपाट. ६० अंश म्हणजे समभुज त्रिकोणाचा कोन. तो आखायला आणि तपासायला सोपा. सपाट माथाही साध्या कारागिराला करता येतो. युरोपातील देशांनी १८९८ मध्ये झुरिच येथील परिषदेत मेट्रिक आट्यांची पद्धत मान्य केली. अशा रीतीने एक घोटाळा मिटवताना तीन पद्धती तयार झाल्या.

पद्धती न जुळण्याची किंमत कधीकधी फार मोठी असते. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला आग लागली. आजूबाजूच्या शहरांतून बंब मदतीला धावले. पण अनेकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना बसेनात. पाणी होते, माणसे होती, नळ्याही होत्या. हजाराहून अधिक इमारती जळाल्या.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका एकाच बाजूने लढत होते, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नव्हता. त्यातून धडा घेऊन अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये ६० अंशांचा एकच इंची आटा स्वीकारला. आंतरराष्ट्रीय मानक संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली. तिच्या तांत्रिक समित्यांना क्रमांक आहेत. त्यांतील पहिल्या क्रमांकाच्या समितीचा विषय आहे स्क्रूचे आटे! पुढे मेट्रिक आट्यालाही हाच ६० अंशांचा आकार देण्यात आला. म्हणून आज ‘एम ५’ आणि ‘१०-३२’ यांचा आकार एकच आहे, फरक आहे तो मापाचा. ते फसवे दिसतात ते त्यामुळेच.

नाशिकमधील दोन मापे

हा सारा इतिहास परदेशातलाच आहे असे समजू नये. तो नाशिकमध्येही दिसतो. लंडनच्या द ला रू कंपनीकडून भारतीय टपाल तिकिटे छापण्याचे काम काढून ते नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसकडे आले, ते १९२५ च्या सुमारास. त्या काळी हिंदुस्थानातील छापखाने, गिरण्या आणि रेल्वेची वर्कशॉपे यांचा व्यवहार इंच, फूट आणि व्हिटवर्थचे आटे यांत चाले.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला. १९५७ च्या एप्रिलमध्ये आणे जाऊन नवे पैसे आले आणि १९६२ पर्यंत मेट्रिक मापे देशभर लागू झाली. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो सोव्हिएत बनावटीची मिग-२१ विमाने बांधण्यासाठी. सोव्हिएत आराखडे मिलिमीटरमध्ये. म्हणजे एकाच जिल्ह्यात, वीस-बावीस किलोमीटरच्या अंतरात, कामगारांच्या एका पिढीचा हात इंचावर बसलेला आणि दुसऱ्या पिढीचा मिलिमीटरवर.

त्याच साठच्या दशकात परकीय चलनाच्या टंचाईमुळे चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक बंधने होती. परदेशी वाद्य आलेच तर ते खलाशी किंवा प्रवासी यांच्याबरोबर. वाद्य एकदा येई. त्याचे सुटे भाग मागाहून येत नसत. एखादा भाग तुटला की लेथवाल्याकडे जायचे, मिळेल त्या टॅपने नवे आटे पाडायचे आणि काम चालवायचे. म्हणून आपल्याकडील जुन्या गिटारींमध्ये पुष्कळदा इंची आणि मेट्रिक स्क्रू एकत्र आढळतात. त्यात कारागिरांचा दोष नाही. पण आज दुरुस्ती करणाऱ्याने कंपनीच्या नावावर विसंबून चालत नाही. प्रत्येक भोक स्वतंत्रपणे तपासावे लागते.

खुंटी आणि स्क्रू

आपल्या वाद्यांत हा प्रश्न का येत नाही? मिरजेच्या तंबोऱ्याची खुंटी पाहा. तिला आटे नसतात. ती एका टोकाकडे निमुळती असते आणि त्या एकाच भोकासाठी घासून बसवलेली असते. झिजली तर आणखी थोडी आत जाते, सैल वाटली तर खडू लावतात. एका तंबोऱ्याची खुंटी दुसऱ्याला बसेलच असे नाही, पण मोडली तर कारागीर नवी घडवतो. येथे दुरुस्तीचे ज्ञान हातात असते.

गिटारच्या स्क्रूमध्ये ते ज्ञान मानकात असते. मानक ठाऊक असेल तर हजारो मैलांवर बनलेला भागही एका मिनिटात बसतो. ठाऊक नसेल तर सहज बदलता यावे म्हणून बनवलेले वाद्यच अडून बसते. दोन्ही पद्धतींत शहाणपण आहे. मात्र एकीच्या सवयी दुसरीला लावता येत नाहीत : खुंटी घासून बसवावी, आटा घासून बसवू नये.

१२७ दात्यांचे चाक

आम्ही गिटार घेऊन सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये गेलो. तेथील वयस्कर टर्नरकाकांनी भोकात आधी १०-३२ चा एक साधा स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवून पाहिला. तो न अडकता, न डगडगता शेवटपर्यंत गेला. म्हणजे मूळ आटे शाबूत होते. पोरगा वेळेवर थांबला होता.

“भोक मोठं करून नवे आटे पाडले तर तुमची दांडी पाच मिनिटांत बसेल,” काका म्हणाले, “पण मग जुनं भोक परत मिळणार नाही. त्यापेक्षा दांडीच नवी करू.”

त्यांच्या लेथचा लीड स्क्रू मेट्रिक होता, ६ मिलिमीटर पिचचा. त्यावर इंची आटा कसा कापायचा? ०.७९३७५ ला ६ ने भागले तर अपूर्णांक येतो १२७ छेद ९६०. १९५९ पासून इंचाची व्याख्या नेमकी २५.४ मिलिमीटर अशी आहे. म्हणजे ५ इंच बरोबर १२७ मिलिमीटर. १२७ ही मूळ संख्या असल्याने तिचे अवयव पाडून लहान चाके वापरता येत नाहीत. इंच आणि मिलिमीटर यांचे गणित तंतोतंत जमवायचे तर १२७ दात्यांचे एक चाक लागतेच. काकांनी कपाटातून ते काढले, गिअर जोडले आणि तासाभरात दांडी तयार झाली. ती हाताने फिरवली आणि बसली.

मागवलेली दांडी फुकट गेली असे आम्ही मानले नाही. दोन्ही दांड्या आता माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत नमुना म्हणून येतात. विद्यार्थी अधूनमधून गिटारही घेऊन येतो.

वर्गात करून पाहा

सायकल, शिवणयंत्र, पंखा, जुना रेडिओ यांतील निरनिराळे स्क्रू मुलांना आणायला सांगा. स्क्रू पट्टीला लावून २० मिलिमीटरमध्ये किती आटे आहेत ते मोजा आणि पिच काढा. नंतर २५.४ ला त्या पिचने भागा. पिच ०.५, ०.८, १ अशी सुटसुटीत आली तर स्क्रू बहुधा मेट्रिक. भागाकार २४, ३२, ४० असा पूर्णांकात आला तर बहुधा इंची. मात्र ०.८ आणि ०.७९४ यांतील फरक पट्टीवर कळणार नाही. तेथे व्यासही मोजायला लावा. मुलांना मोजमापातील अचूकतेची गरज तेथेच पटेल.

आणि एक नियम फळ्यावर लिहून ठेवा. बोटांनी फिरत नसेल तो स्क्रू पान्याने फिरवू नये, आधी मोजावे.