ट्रेलर केला म्हणून गुण कापू नका

पुण्यात सिनेमा आणि माध्यमं शिकवणाऱ्या संस्थांना तोटा नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट आहेच, पण आता बहुतेक मोठ्या महाविद्यालयांत कॅमेरा, माइक आणि एडिटिंगचे दोन-चार संगणक असलेली एक खोली असते. सत्र संपताना तिथे प्रकल्प दाखवले जातात आणि एखादा गट हमखास न काढलेल्या विनोदी चित्रपटाचा ट्रेलर घेऊन येतो. मुलं हसतात, परीक्षकही हसतात, आणि गुण देताना मात्र हात आखडतो. शेरा ठरलेला असतो: मजा आली, पण यात प्रकल्प कुठे आहे?

या शेऱ्यामागे जे मत आहे, ते बरंच रुजलेलं आहे. त्याचे समर्थक ते नीट मांडत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मीच मांडतो. ट्रेलर ही जाहिरात. ती गोष्टीचं आश्वासन देते, गोष्ट सांगत नाही. विद्यार्थ्याने आधी सुरुवात-मध्य-शेवट असलेली पाच मिनिटांची गोष्ट पेलून दाखवावी, आश्वासनं द्यायला पुढे आयुष्य पडलंय. शिवाय विनोद अंगात असावा लागतो, तो शिकवता येत नाही. मग जे शिकवलंच नाही त्याचे गुण कसे द्यायचे? तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही: विषय गंभीर असला की कामही गंभीर वाटतं. वृद्धाश्रम, पाणीटंचाई, सतारीचा एक तुकडा आणि अखेरीस काळ्या पडद्यावर आकडेवारी, एवढं जमवलं की पाहणाऱ्याला कमी गुण देण्याचा धीर होत नाही.

आधी जाहिरातीचं पाहू. खेळाआधी खेळाची भूक चाळवणं ही हॉलिवूडची टूम नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय पूर्वरंगाचा आहे. वाद्यं मांडण्यापासून नांदीपर्यंत बरीच अंगं उरकली की अगदी शेवटी त्रिगत आणि प्ररोचना येतात. त्रिगतात सूत्रधार, पारिपार्श्वक आणि विदूषक बोलतात. विदूषक मध्येच काहीतरी असंबद्ध बरळतो आणि सूत्रधाराला हसू आणतो. लगेच पुढे प्ररोचना, म्हणजे होऊ घातलेल्या नाटकाची शिफारस करून प्रेक्षकाला त्याकडे ओढणं. आधी हसवायचं आणि त्या हसण्याच्या भरात खेळाची भलामण करायची, हा विनोदी ट्रेलरचा आराखडा नाही तर काय? शास्त्रकाराने त्याला प्रयोगाचं अंग म्हणून मोजलं, दारावरचा फलक म्हणून बाहेर टांगलं नाही. आपल्या तमाशातही गण-गवळणीनंतर आणि वगाआधी बतावणी येते. तिचा वगाच्या कथानकाशी संबंध असेलच असं नाही, पण बतावणी पडली तर पुढचा वग रंगवताना फडाला घाम फुटतो. बतावणी करणाऱ्याला कुणी ‘हा खरा कलावंत नव्हे’ म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता शिकवता येत नाही, या आक्षेपाकडे येतो, कारण खरं पाणी तिथेच मुरतं. मध्यंतरी एका महाविद्यालयात परीक्षक म्हणून बसलो होतो. एका गटाने दरोड्याच्या चित्रपटाचा ट्रेलर केला होता. जागा सदाशिव पेठेतली मेस, दिवस रविवार. ज्यांनी मेसचं जेवण काढलंय त्यांना सांगायला नको की रविवारी दुपारी फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. ताटामागे दोन गुलाबजाम. स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी चार मुलं तिसऱ्या गुलाबजामचा कट रचतात. पाठकोऱ्या कागदावर मेसचा नकाशा, घड्याळं जुळवणं, भारदस्त आवाजातलं निवेदन, ढोल. सगळा थाट कोट्यवधींच्या लुटीचा आणि लूट पाकातली.

त्यांनी आधी रफ कट दाखवला. मेसच्या काकूंचा डाव पातेल्यात जातो, वर येतो, तिसरा गुलाबजाम ताटात पडतो, चौघांचे विजयी चेहरे, काळा पडदा, चित्रपटाचं नाव. कुणी हसलं नाही. मग शेवटचा कट. डाव वर येतो, काकू मान वळवून थेट समोरच्या मुलाकडे बघतात आणि तिथेच पडदा काळा. शांतता. मग अंधारातून नुसता काकूंचा आवाज: ‘मागच्या महिन्याचं बिल राहिलंय ना रे तुझं?’ खोली हसून फुटली.

मुलांनी नवं काहीही चित्रित केलं नव्हतं. शेवटचे शॉट काढून टाकले, आणि जे वाक्य आधी मधल्या गर्दीत वाया गेलं होतं ते उचलून काळ्या पडद्यावर टाकलं. मधली शांतता किती ठेवायची यावरून त्यांच्यात भांडणं झाली होती. अर्धा सेकंद ठेवली तर वाक्य ढोलाच्या शेपटीत बुडायचं. तीन सेकंद ठेवली तर लोकांना वाटायचं संपलं, आणि टाळ्या सुरू व्हायच्या. अखेर दीड सेकंदावर एकमत झालं. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने छत्तीस फ्रेम. उपजत विनोदबुद्धीने नकाशा सुचला असेल, गुलाबजामही सुचला असेल. छत्तीस फ्रेम सुचत नाहीत, त्या पुन्हा पुन्हा लावून, दाखवून काढाव्या लागतात. जे करून, चुकून, मोजून सुधारता येतं ते शिकवता येतं, आणि त्याचे गुणही देता येतात.

उलट गंभीर लघुपटाच्या शेवटी सभागृह गप्प राहिलं तर ती शांतता भारावल्याची की कंटाळ्याची, हे दिग्दर्शकाला सोयीने ठरवता येतं. विनोदाला ती सवलत नाही. हशा आला नाही म्हणजे आला नाही. ‘प्रेक्षकाची पातळी’ हा बचाव तिथे चालत नाही, आणि विद्यार्थ्याला त्या वयात अशा नागव्या परीक्षेची फार गरज असते.

नुसत्या संकलनातून हसू उभं करण्याचं जगजाहीर उदाहरण 2005 सालचं. अमेरिकेत संकलकांच्या एका संघटनेने सहायकांसाठी स्पर्धा ठेवली: जुना चित्रपट घ्या आणि त्याचा भलत्याच प्रकारचा ट्रेलर बनवा. रॉबर्ट रायंग या सहायक संकलकाने कुब्रिकचा ‘द शायनिंग’ (1980) हा भयपट घेतला आणि त्यातल्याच शॉट्सवर गोड निवेदन आणि पीटर गॅब्रिएलचं एक उल्हसित गाणं चढवून बापलेकाच्या जिव्हाळ्याची हलकीफुलकी कहाणी उभी केली. कुऱ्हाड घेऊन धावणारा बाप त्यात प्रेमळ दिसतो. शॉटचा अर्थ शेजारच्या शॉटवर ठरतो, हे रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हचं सूत्र आपण फळ्यावर लिहून शिकवतो. त्या ट्रेलरने ते लोकांना हसता हसता पटवलं.

भलत्याच जागी ठेवलं की हसू येतं, हे आपल्याकडच्या शास्त्राने आधीच ओळखलं होतं. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरत हास्याचा उगम शृंगारात सांगतो आणि त्याचा संबंध अनुकरणाशी जोडतो. भाष्यकार अभिनवगुप्त आणखी पुढे जातो: कोणत्याही रसाचा आभास झाला, तो अस्थानी पडला, की हास्य उपजू शकतं. गुलाबजामसाठी वीररस हा असा अस्थानी रस. पण वीररसाचा थाट हुबेहूब उभा करता आला नाही तर तो अस्थानी आहे हेही कुणाला कळणार नाही. विडंबन करणाऱ्याला मूळ प्रकाराचं व्याकरण त्या प्रकारात प्रामाणिकपणे काम करणाऱ्याइतकंच पाठ असावं लागतं. म्हणून हा ट्रेलर म्हणजे दरोडापटांचा अभ्यास आहे. निबंध लिहून घेतला असता तर मुलांनी इतका केला नसता.

पुण्यात तर हे काम हलकं आहे या आक्षेपाला तोंड वर काढायला जागाच नसावी. प्रभात कंपनी 1933 साली कोल्हापुरातून पुण्यात आली. तिच्या ‘माणूस’ (1939) या चित्रपटात, वेश्येच्या आणि पोलीस शिपायाच्या त्या काळ्याकुट्ट कहाणीत, शांतारामबापूंनी सिनेमाच्या चित्रीकरणाचा एक प्रसंग घालून बॉम्बे टॉकीजच्या गुळमट प्रेमपटांची टर उडवली. दुसऱ्याच्या शैलीची दोन घटका नक्कल करून तिच्यावर टीका करणं ‘प्रभात’ला हलकं वाटलं नाही. पुढे 1960 साली त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथून बाहेर पडलेल्या कुंदन शाह यांचा पदविका चित्रपट ‘बोंगा’ (1976) विनोदी होता. ‘जाने भी दो यारों’ (1983) त्यानंतरचा. त्याच्या संकलक रेणू सलुजाही याच संस्थेच्या, आणि त्याच वर्षीचा ‘अर्धसत्य’ही त्यांनीच संकलित केला. एकाच वर्षात, एकाच कात्रीखालून गेलेले हे दोन चित्रपट पाहिले तर हलकं काम आणि भारी काम ही वाटणी कुठून आली, असा प्रश्न पडतो.

आणि राजकुमार हिरानी. नागपूरचे, इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेले. जाहिराती करता करता त्यांनी विधू विनोद चोप्रांच्या ‘1942: अ लव्ह स्टोरी’ (1994) या चित्रपटाचे प्रोमो आणि ट्रेलर कापले. त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘मुन्नाभाई’ आला 2003 साली. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (2006) आणि ‘थ्री इडियट्स’ (2009) त्यांनी स्वतःच संकलित केले. ट्रेलर कापल्यामुळेच ते विनोदी चित्रपट करू शकले, असा सोपा कार्यकारणभाव मी लावणार नाही. पण ट्रेलरच्या टेबलावर हात बिघडतो, हे तरी यापुढे कुणी म्हणू नये.

एक गोष्ट मात्र प्रतिपक्षाच्या पदरात टाकली पाहिजे. ‘जाने भी दो यारों’च्या शेवटचा महाभारताचा प्रवेश ट्रेलरमध्ये मावत नाही. कमिशनर डिमेलोचं प्रेत रंगमंचावर द्रौपदी म्हणून उभं असतं आणि चहूबाजूंनी माणसं नाटकात घुसत जातात. त्यातला हशा आधीच्या सबंध चित्रपटाच्या भांडवलावर येतो. वेड वाढवत नेणं, ताण सुटू न देता दहा-दहा मिनिटं हसवणं, हे दोन मिनिटांच्या तुकड्यांत शिकता येत नाही. ट्रेलर करणाऱ्या मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी पूर्ण चित्रपटच करायला हवा. पण पदविका चित्रपटाच्या जागी ट्रेलर ठेवा, असं म्हणतंय कोण? त्याआधी करा, इतकंच मागणं आहे. पैशाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचं ठरेल, कारण मेसवाल्या मुलांचं सगळं चित्रण एका रविवारी, काकूंची भांडी घासून होईपर्यंत उरकलं होतं.

तेव्हा विभागप्रमुखांना विनंती आहे. येत्या सत्राच्या प्रकल्पयादीत दोन मिनिटांचा विनोदी ट्रेलर हा पर्याय घाला, आणि अटी कडक ठेवा. पहिला रफ कट आणि शेवटचा कट दोन्ही जमा करायचे. मधल्या प्रत्येक बदलाचं कारण एका ओळीत लिहायचं. प्रदर्शन गटाच्या मित्रमंडळींपुढे करायचं नाही, दुसऱ्या विभागाच्या मुलांपुढे करायचं. कॉमर्सची मुलं बोलवा, त्यांना कुणाची भीड नसते. गुण त्यानंतर द्या.