लुप्त खेडी आणि त्यांची टपालघरे : उकव्याच्या परिसरातून एक शोध

इतिहास म्हटला म्हणजे आपले लक्ष सहसा राजवंशांकडे, गडकोटांकडे आणि रणांगणांकडे जाते. ज्या खेड्यात ना किल्ला ना शिलालेख, ते ओस पडले की दोन पिढ्यांच्या आत त्याचे नावही लोकांच्या तोंडून नाहीसे होते. जमाबंदीच्या कागदांत अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात. वऱ्हाड-नागपुराकडे ‘रिठी’ हा शब्द रूढ आहे. ज्या गावी सायंकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग. अशा दिवा विझलेल्या गावांचा माग काढण्यास एक साधन फारसे वापरले गेलेले नाही. ते म्हणजे टपाल. बालाघाट जिल्ह्यातील उकवा आणि त्याच्या भोवतालचा डोंगराळ मुलूख डोळ्यांसमोर ठेवून या साधनाचा विचार येथे करावयाचा आहे.

बालाघाट जिल्हा इ. स. १८६७ मध्ये शिवनी, मंडला आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग तोडून बनविण्यात आला. आज ज्यास आपण बालाघाट शहर म्हणतो, त्याचे पूर्वीचे नाव बुऱ्हा असे होते. नाव बदलले म्हणजे जुन्या पत्रावरील गाव नकाशावर सापडेनासे होते. शोधकाची पहिली अडचण ती हीच. परसवाड्याचे पठार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत निबिड अरण्य होते आणि लछमन नाईक नामक पुरुषाने तेथे प्रथम गावे वसविली, अशी नोंद जुन्या ग्रंथांत आहे. परंतु त्याच पठारावर घडीव दगडांच्या प्राचीन मंदिराचे अवशेषही आढळले होते. म्हणजे ‘पहिली गावे’ हीदेखील पहिली नव्हती. एक वस्ती लोपून तिच्यावर रान माजले आणि त्या रानात दुसरी वस्ती आली, हा क्रम या भूमीस नवा नाही.

येथील बैगा लोक नांगर चालवीत नसत. रान तोडून, जाळून, त्या राखेत ‘बेवर’ नावाची शेती करीत, आणि जमीन थकली की पुढे सरकत. त्यांचे गाव त्यांच्यासमवेत चालत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलखात्याने बेवर क्रमाक्रमाने बंद केली, इ. स. १८९० मध्ये शेजारच्या मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ राखून तेथे तेवढी मोकळीक ठेवली. पुढे दुष्काळ आला. १८९६-९७ चा दुष्काळ या जिल्ह्यास फार कठीण गेला. १९०१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली. दहा वर्षांत ती शेकडा सुमारे १५ ने घटली होती.

हे होत असतानाच टपालाचे जाळे पसरत होते. १८५४ च्या कायद्याने अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. १८७९ मध्ये एका पैशाचे कार्ड आले, १८८० मध्ये मनिऑर्डर, १८८२ मध्ये बचत बँक. घुंगरू बांधलेला भाला घेऊन हरकारे रानवाटांनी थैल्या नेत. खेड्यातील टपालघर म्हणजे स्वतंत्र इमारत क्वचितच असे. शाळामास्तर किंवा किराणा दुकानदार अल्प मोबदल्यावर ते काम पाही. एक पेटी, एक तराजू आणि तारखेचा शिक्का एवढेच त्याचे वैभव. मास्तरची बदली झाली किंवा उत्पन्न खर्चाला पुरले नाही, की टपालघर उठे.

उकव्याच्या परिसरात या जाळ्यास मॅंगनीजने नवे कारण दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी बालाघाटच्या खनिजाकडे जगाचे लक्ष गेले. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मॅंगनीजवर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या खनिजासमवेत आढळणाऱ्या एका खडकास गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. ज्या समाजाच्या कित्येक वाड्यांची नावे कोठे लिहिली गेली नाहीत, त्याचे नाव खडकास मिळाले! गोंदियाहून जबलपुराकडे अरुंद मापाची आगगाडी निघाली, खाणींवर मजुरांच्या वस्त्या बसल्या. अशा वस्तीचे टपालघर कुटुंबाची नाळ जपणारे असते. मजूर तेथून घरी पैसे धाडतो आणि लिहिता येत नसले तर चार ओळी दुसऱ्याकडून लिहवून घेतो. १९६२ मध्ये या प्रांतातील खाणी चालविण्यासाठी नागपूर येथे नवी कंपनी स्थापन झाली आणि उकव्याची खाण अद्यापि चालू आहे. परंतु खनिज संपले की मजुरांची वस्ती उठते, ही खाणींच्या मुलुखाची रीत आहे.

गावे उठण्याचे आणखी एक कारण जवळच घडले. कान्हाचे अरण्य १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आले. त्यातील काही बैगा व गोंड वस्त्या बाहेर हलविण्यात आल्या. १९७० मध्ये अवघे ६६ उरलेले बारशिंगे पुढे वाढले, ते पुष्कळसे त्या जुन्या गावांच्या माळांवरच चरून. सौंफचे कुरण पाहणाऱ्या प्रवाशास तेथे पूर्वी गाव होते हे सहसा ठाऊक नसते. वन्यप्राण्यांचे रक्षण झाले ही आनंदाची गोष्ट. पण त्याची किंमत कोणी दिली, हेही लिहिले गेले पाहिजे.

आता शोधाची रीत. जुन्या पाकिटावरील शिक्क्यात टपालघराचे नाव आणि तारीख असते. म्हणजे त्या दिवशी तेथे टपालघर चालू होते, एवढे निश्चित होते. ते नाव सरकारने वेळोवेळी छापलेल्या टपालघरांच्या याद्यांत पाहावे, मग मिसल बंदोबस्तात आणि खानेसुमारीच्या ग्रामसूचीत, शेवटी जुन्या मोजणी नकाशावर. इंग्रजी लेखनाने नावे विद्रूप होतात; उकवा हे नावच जुन्या इंग्रजी ग्रंथात ‘उकुआ’ असे आढळते. एकाच नावाची अनेक गावे असतात, ही दुसरी अडचण. तीवर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने योजलेले सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात गेला. तरी दोहोंच्या पिनकोडाचा पहिला अंक ४ हाच आहे.

परंतु येथे एक सावधगिरी अवश्य आहे. टपालघर मालगुजार, शाळा, जंगलखाते किंवा खाण यांच्या मागोमाग आले. ज्यांस पत्र लिहिणारे कोणी नव्हते, त्यांच्या गावी ते गेलेच नाही. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात अवघी २३,३४४ टपालघरे होती. आज ती दीड लाखाहून अधिक आहेत. म्हणून शिक्का नाही, सबब गाव नव्हते, असे अनुमान काढणे हा अन्याय होईल. बैगांच्या वस्त्यांसाठी वृद्धांच्या आठवणी, देवस्थानांच्या जागा, आंब्या-मोहाची जुनी झाडे आणि पांढरीवर सापडणारी खापरे हेच दप्तर होय.

हा केवळ हौसेचा विषय नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातील रहिवाशांस आपल्या जमिनीवर हक्क सांगता येतो. पण त्यासाठी तेथील जुना वास दाखवावा लागतो, आणि आदिवासींखेरीज इतरांस तर तीन पिढ्यांचा. जुने अहवाल, नकाशे, खानेसुमारीची पाने यांना तेथे पुराव्याचे मोल आहे. त्यांच्या जोडीस एखाद्या ट्रंकेच्या तळाशी पडलेले, गावाचे नाव लिहिलेले कार्ड आले, तर एका कुटुंबाच्या म्हणण्यास बळ मिळेल.

या ग्रंथाच्या वाचकांस एवढीच विनंती की, घरातील जुनी पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी त्यांवरील शिक्का वाचावा, गाव व तारीख वहीत टिपून ठेवावी आणि त्या गावचे कोणी वृद्ध हयात असल्यास त्यांस दोन प्रश्न विचारावे : तुमचे गाव कोठे होते, आणि तेथून लोक कोठे गेले? या दोन उत्तरांवाचून त्या गावाचा इतिहास लिहिता येणार नाही, आणि ती देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.