जहाजावर दम कोणाचा टिकतो?

२२ ऑगस्ट १९२०. बेल्जियममधलं अँटवर्प शहर. ऑलिम्पिकची मॅरेथॉन. अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षाही अर्धा किलोमीटर जास्त. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटांत. आणि एकोणिसावा आला आपल्या बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. सोबत सदाशिव दातारही धावला होता, पण त्याला शर्यत पूर्ण करता आली नाही.

चौगुलेचं नाव आज बेळगावबाहेर फारसं कोणाला माहीत नाही. शाळेच्या पुस्तकात तर नाहीच. पण मला त्या शर्यतीपेक्षा शर्यतीच्या आधीची एक गोष्ट जास्त खटकते. हा गडी अँटवर्पला पोचला कसा? बोटीने. जून १९२० मध्ये मुंबईहून निघून, सुएझमार्गे, तीन आठवड्यांच्या आसपास पाण्यावर. रोज मैलोगणती धावायची सवय असलेला माणूस तीन आठवडे बोटीवर काय करतो?

मौद्यात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असं काही जण विचारतीलच. बरोबर आहे. आपल्याकडे पाणी म्हणजे कन्हान, आणि समुद्र आठशे-नऊशे किलोमीटर लांब. पण पहाटे पाचला भंडारा रोडच्या कडेने धावणारे पोट्टे बघा. कोणी पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी, कोणी आर्मीसाठी, आणि हल्ली दोन-चार जण नेव्हीसाठी नाहीतर मर्चंट नेव्हीसाठी. भरती होईपर्यंत धावतात. जहाजावर गेले की सुटतं. "आळशी झाला पोरगा" असं घरचे म्हणतात. हे आळसाचं प्रकरण नाही राजेहो. याला मोठा इतिहास आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

आधी चौगुलेचं पूर्ण करतो. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर क्रीडास्पर्धा झाल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. शेतातली, खेड्यातली पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ही पोरं ऑलिम्पिकला न्यायचं त्यांनी मनावर घेतलं. मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांनीही पाठिंबा दिला. टाटांनी खिशातून पैसे घातले. धावपटू आणि दोन पैलवान असा लहानसा संघ निघाला. त्या पैलवानांतला रणधीर शिंदे चौथा आला. म्हणजे खाशाबा जाधवांच्या आधी बत्तीस वर्षं कुस्तीतलं पदक आपल्या हातून एका कुस्तीने निसटलं होतं. हेही कोणी सांगत नाही.

जूनमध्ये मुंबईहून निघायचं म्हणजे अरबी समुद्रात मोसमी वारे सुरू. पहिले काही दिवस बोट हलणार, पोटात अन्न ठरणार नाही. पैलवानाचं त्यातल्या त्यात बरं असतं. दंड, बैठका, सूर्यनमस्कार यांना सहा फूट जागा पुरते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी पुढे सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला, त्यात हाच मोठा मुद्दा होता की साधन नको, मैदान नको. पण धावणाऱ्याला रस्ता लागतो. डेकची एक फेरी दोनशे मीटर धरली तर मॅरेथॉनचं अंतर व्हायला दोनशेच्या वर फेऱ्या होतात. त्याही लाकडी फळ्यांवर, खुर्च्या टाकून बसलेल्या प्रवाशांमधून वाट काढत.

त्याच ऑलिम्पिकला अमेरिकेचा संघ 'प्रिन्सेस मटोइका' नावाच्या लष्करी बोटीने निघाला. उंदीर, घाण वास, भयंकर जेवण. खेळाडूंनी बोटीवरच बंड पुकारलं. सराव कसा करायचे? पोहणाऱ्यांसाठी डेकवर कॅनव्हासची टाकी. भालाफेकवाले भाल्याला दोरी बांधून समुद्रात फेकायचे आणि परत ओढून घ्यायचे! सोळा वर्षांनी, १९३६ च्या बर्लिनला जाताना उलटं झालं. बोट ऐशारामी, जेवण फुकट आणि पोटभर. पाच हजार मीटर धावणारा लुई झाम्परिनी बर्लिनला उतरला तेव्हा वजन दहा-बारा पौंडांनी वाढलेलं होतं. त्याच बर्लिनला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही देशी खेळ दाखवायला गेलं होतं, तेही बोटीनेच.

धावणं थांबल्यावर शरीरात काय होतं? १९८४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयारीच्या धावपटू-सायकलपटूंचा सराव पूर्ण बंद करून मोजमाप केलं. पहिल्या तीन आठवड्यांतच शरीराची ऑक्सिजन वापरायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी उतरली. आधी रक्ताचं प्रमाण कमी होतं, मग पायांचे स्नायू मागे पडतात. तीन आठवडे म्हणजे बरोबर चौगुलेच्या प्रवासाएवढे. त्याचं नशीब एवढंच की उतरल्यावर शर्यतीआधी इंग्लंडमध्ये काही आठवडे जमिनीवर सराव करायला मिळाला.

पण चौगुले प्रवासी होता. बोट चालवत नव्हता. खरी गोष्ट डेकच्या खाली आहे.

वाफेची जहाजं यायच्या आधी, जहाजावरचं काम हाच व्यायाम होता. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातलं गलबत आठवा. रॉबर्ट ऑर्म हा अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार लिहितो की गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत आणि ते ताशी चार मैल वेगाने वल्हवता येई. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागेवर खिळायचं आणि ही गलबतं त्याच्या मागच्या बाजूने जाऊन तोफा डागायची, गुराबांना ओढून जवळ आणायची. म्हणजे लढाई कोण जिंकणार हे पुष्कळदा वल्हेकऱ्यांच्या छातीतल्या दमावर ठरायचं. त्यांना वेगळं पहाटे उठून धावायची गरज नव्हती. तो दम पोसणं ही आरमाराचीच गरज होती, कारण दमावर आरमार चालत होतं.

मग वाफ आली. मेहनत जहाजावरून गेली नाही, फक्त खाली ढकलली गेली. पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर गुजरातचे आणि आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी, जेवणघरात गोव्याचे लोक आणि खाली बॉयलरसमोर मुख्यतः पंजाबकडचे 'आगवाले' आणि 'कोयलावाले'. वर सारंग, टिंडेल. लाल समुद्रातून जाताना त्या खोलीत पारा पन्नासच्या आसपास जायचा. चार तास कोळसा मारायचा, मग विश्रांती, मग परत चार तास. आता याला तुम्ही व्यायाम म्हणाल का? मेहनत तीच, घाम तोच. पण विश्रांती, अन्न आणि हवा या तीन गोष्टी नसल्या की मेहनतीने दम वाढत नाही, माणूस झिजतो.

आणि जागा किती? कायद्याने हिंदी खलाशाच्या वाट्याला झोपण्या-राहण्यासाठी ३६ घनफूट. गोऱ्या खलाशाला १९०६ नंतर १२० घनफूट. ३६ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. घरी टेप घेऊन मोजून बघा. सूर्यनमस्कार सोडा, माणूस त्यात उठून बसू शकत नाही.

चौगुले डेकवर होता तेव्हाही अशा बोटींच्या पोटात आपलेच लोक आग घालत होते. एकाच जहाजावर दोन प्रकारचा दम. एकाच्या दमाला घड्याळ लावून मोजणार, पेपरात नाव येणार. दुसऱ्याचा दम कोळशाच्या हिशेबात गेला. सगळ्या क्रीडा-इतिहासात मला ही एक ओळ कायम गायब दिसते.

हिंदी माणसाला अधिकारी म्हणून जहाजावर जायची वाट उघडली ती १९२७ मध्ये, मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं तेव्हा. या डफरिनवर शिकलेल्यांपैकी एक व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. नौदलातून निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीत राहायचे. त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीला फेरी मारायची. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे या मराठी नौदल अधिकाऱ्याने हात वर केला. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटांची 'म्हादेई' बांधली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय.

सहनशक्ती या शब्दाचा अर्थ कळायला ही बोट डोळ्यासमोर आणा. ५६ फूट म्हणजे सतरा मीटर. एकटा माणूस. शिडं चढवणं-उतरवणं, विंच फिरवणं, याने हात-खांदे लोखंडासारखे होतात. पाय मात्र आखडतात, कारण सरळ दहा पावलं चालायला जागा नाही. झोप तुकड्यातुकड्यांनी. नऊ महिने. पुढे २०१७-१८ मध्ये सहा नौदल महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'वरून २५४ दिवसांची फेरी पूर्ण केली आणि २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच मिळून २३८ दिवसांत. शिडाच्या बोटीवर आजही काम आणि व्यायाम एकच आहे, गलबतासारखंच.

मालवाहू जहाजावर तसं नाही. कोळसा गेला, डिझेल आलं, मग कॉम्प्युटर आले. तीनशे मीटर लांबीचं जहाज वीस-पंचवीस माणसं चालवतात. ब्रिजवरचा माणूस तासन् तास उभा, कंट्रोल रूममधला बसलेला. डेकवर धावावं तर पाइप, झाकणं, ओला पत्रा. काही टँकरवर तर मनाई. चाचेगिरीचा पट्टा आला की बाहेर पडायचंच नाही.

आपल्या तालुक्यातला एक पोरगा बल्क कॅरिअरवर ओएस आहे. जायच्या आधी तो १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारायचा. नऊ महिन्यांनी घरी आला तेव्हा सात मिनिटं लागली. त्याला विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, दिवसभर गंज खरवडतो, रंग मारतो, रात्री वॉच. ट्रेडमिल आहे, पण जहाज डोलायला लागलं की त्याच्यावर चढलं तर तोंडावर पडतो." मग त्याने शोधून काढलं: दोरीउड्या, आणि इंजिनरूमचे जिने. खालपासून वरपर्यंत पाच-सहा मजल्यांएवढे. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जीव खाऊन.

गंमत म्हणजे शास्त्र या पोराच्या बाजूने आहे. १९८१ मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी दाखवलं की आठवड्यातले सहा दिवस कमी करून दोन केले, पण जोर तेवढाच ठेवला, तर पंधरा आठवडे दम जवळपास टिकतो. वाढत नाही, टिकतो. म्हणजे जहाजावरच्या माणसाला रोजचा तास नको. आठवड्यातले दोन तुकडे हवेत. फक्त ते तुकडे झोपेतून काढलेले नसावेत.

आणि अडतं नेमकं तिथे. समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी म्हणतात. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात विश्रांतीचा किमान आकडा आहे: चोवीस तासांत दहा तास, आठवड्यात ७७ तास. ऐकायला बरं वाटतं. उलटा करून बघा. आठवड्याचे तास १६८. वजा ७७. उरले ९१. म्हणजे विश्रांतीचा हा नियम पाळूनही माणसाकडून आठवड्याला ९१ तास काम घेता येतं. जमिनीवरच्या फॅक्टरीत तो आकडा ४८ आहे. आपल्या एनटीपीसीच्या भागात शिफ्ट करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, एक रात्रपाळी लांबली तर दुसऱ्या दिवशी धावायचं नाव निघतं का. व्यायामाच्या साधनांचं म्हणाल तर ती या कराराच्या शिफारशींच्या भागात येतात, सक्तीच्या नाही.

बरं, ते ७७ तरी मिळतात का? स्वीडनमधल्या वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये यावर अभ्यास केला. विश्रांतीच्या तासांच्या नोंदी सर्रास 'जुळवून' लिहिल्या जातात असं त्यात निघालं. तपासणीला कागद नीट हवा, एवढंच. माणसं कमी आणि काम तेवढंच असेल तर दुसरं काय होणार? ३६ घनफुटांचा कायदा गेला, केबिनला आता दार आहे, वायफाय आहे. पण स्वतःच्या शरीरासाठीचा वेळ अजून जहाजाच्या हिशेबातून उरेल तेवढाच.

म्हणून, ज्यांच्या घरचा पोरगा किंवा पोरगी मर्चंट नेव्हीत जायचं म्हणत असेल, त्यांनी पगाराचा आकडा विचारून झाला की आणखी तीन गोष्टी विचारा. एजंटकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल नंबर आहे का (नसेल तर तिथूनच उठा, एक रुपया देऊ नका). करार किती महिन्यांचा. आणि त्या जहाजावर वॉच किती माणसांत वाटलेला असतो, तिघांत की दोघांत. तिघांत असेल तर चार तास काम, आठ तास मोकळे. दोघांत असेल तर सहा-सहा, आणि मग दोरीउड्यांची दोरी बॅगेतच राहते.