आबालाल रहिमान आणि दृक्प्रत्ययवाद

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू इ. स. १९३१) यांची कोटितीर्थाची व रंकाळ्याची निसर्गचित्रे पाहून त्यांस फ्रेंच दृक्प्रत्ययवादाचे अनुयायी म्हणण्याचा प्रघात आहे. साम्य नाकारण्याचे कारण नाही. पाण्यावरील ऊन रेषेवाचून, सुट्या रंगस्पर्शांनी दाखविणे हे दोहोंकडे आढळते. प्रश्न आहे तो कार्यकारणभावाचा.

दोन पोथ्यांत एकच पाठ आढळला, एवढ्यावरून एक दुसरीवरून उतरली असे पाठचिकित्सक मानीत नाही. दोहींची मूळ मातृका एक असू शकते. चित्रांसही हा न्याय लावला पाहिजे. मोने व पिसारो हे १८७०-७१ च्या युद्धकाळी लंडनमध्ये होते व तेथे त्यांनी टर्नर, कॉन्स्टेबल यांची चित्रे पाहिली. त्याच इंग्रजी परंपरेतील जलरंगपद्धती, म्हणजे कागदाचा पांढरेपणा राखून त्यावर पारदर्शक रंगांचे थर देण्याची, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत ग्रिफिथ्स यांच्या अमदानीत रुजली होती, आणि १८८० नंतरच्या दशकात आबालाल तेथेच शिकले. युरोपास ते गेले नाहीत. म्हणून पॅरिस व कोल्हापूर यांत गुरुशिष्यसंबंध न मानता चुलत नाते मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

उसनवारी निश्चित असली म्हणजे तिचे पुरावे कसे असतात, हे अमेरिकेत दिसते. १८८६ साली ड्युरां-र्युएल याने न्यूयॉर्कात फ्रेंच चित्रांचे प्रदर्शन भरविले. थिओडोर रॉबिन्सन तर जिव्हेर्नीस मोनेच्या सहवासात राहिला. तरीही शाळेत कमावलेले रेखाटन त्या मंडळींनी बहुधा सोडले नाही. आकृतीचा बांधा राखून ऊन तेवढे घेतले.

ऊनही सर्वत्र सारखे नसते. आमच्या होटगीच्या काळ्या रानात उन्हाळ्यातील दुपारी सावली सुरीने कापल्यासारखी पडते. पंचगंगेच्या दमट खोऱ्यात सकाळी वस्तूंच्या कडाच विरून जातात. ती विरलेली कडा पॅरिसहून मागविण्याची आबालालांस गरज नव्हती.

शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली असे सांगतात. संख्येत अतिशयोक्ती असो वा नसो, निर्णय उरलेल्यांवरूनच करावयाचा आहे. ती शेजारीशेजारी मांडून रंगस्पर्श कोणत्या क्रमाने सुटा होत गेला हे प्रथम ठरविले पाहिजे. सुटेपणा हळूहळू आला असेल तर माझा पक्ष बळावतो. एकाएकी आला असेल तर एखादे परदेशी चित्र त्यांच्या पाहण्यात आले, असे मानणे भाग पडेल.