प्रतिजैविके आणि त्वचेवरील गंभीर दुष्परिणाम : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
विसाव्या शतकात सल्फा औषधांनी व प्रतिजैविकांनी असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. मात्र याच औषधांमुळे क्वचित रुग्णाची त्वचा भाजल्याप्रमाणे सोलून निघते. ही औषधे महाराष्ट्रात केव्हा आली व त्यांच्या दुष्परिणामांची पद्धतशीर नोंद केव्हा सुरू झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजाराची ओळख :
१९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टीव्हन्स व जॉन्सन या डॉक्टरांनी ताप, पुरळ आणि तोंड व डोळ्यांचा दाह झालेल्या दोन मुलांचे वर्णन केले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. औषधे हे या आजाराचे प्रमुख कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९५६ मध्ये ॲलन लायेल यांनी याचेच अधिक तीव्र रूप नोंदविले. शरीराच्या १० टक्क्यांहून कमी त्वचा सुटल्यास स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, तर ३० टक्क्यांहून अधिक सुटल्यास टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस असे म्हणतात. या आजारास कारणीभूत औषधांत सल्फा गट अग्रभागी आहे.

औषधांचे आगमन :
मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. साहिबसिंग सोखी व सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी प्लेगवर सल्फा औषधांचे प्रयोग केले. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

नोंदींची वाटचाल :
थॅलिडोमाइड दुर्घटनेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये औषध-दुष्परिणाम नोंदणीचा कार्यक्रम सुरू केला. भारत त्यात १९९८ मध्ये सहभागी झाला. २००४ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय विभागीय केंद्र होते. सध्याचा कार्यक्रम २०१० पासून अस्तित्वात आहे.

निष्कर्ष :
पिंपरीतील उत्पादन व राष्ट्रीय नोंदणी यांत सुमारे पन्नास वर्षांचे अंतर दिसते. या आजारात संशयित औषध त्वरित थांबविणे हा पहिला उपचार होय. तेच औषध पुन्हा घेतल्यास जीवावर बेतू शकते. म्हणून निफाड तालुक्यातील विंचूरसारख्या गावातून नाशिकच्या रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाजवळ आधी घेतलेल्या औषधांच्या नावांची चिठ्ठी असणे अत्यावश्यक ठरते. औषध गावोगाव पोहोचले. नोंदही तेथपर्यंत पोहोचली पाहिजे.