अक्षरांचा माणूस कॉम्प्युटरकडे वळला

दहा वर्षं शिवणक्लास नाहीतर बालवाडी चालवलेली बाई ‘आता कॉम्प्युटरचं काम शिकते’ म्हणाली, की घरातून हमखास ऐकू येतं, “या वयात? मग आजवरचं शिक्षण वायाच की!” म्हणून आज र. कृ. जोशींची गोष्ट सांगते.

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये ते उपयोजित कला शिकले, मग वीसेक वर्षं उल्का या जाहिरात कंपनीत रमले. बोरू, ब्रश, शाई हीच त्यांची हत्यारं. १९८३ साली, सत्तेचाळिशीत, ते मुंबईच्या आयआयटीत शिकवायला गेले आणि पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात. सॉफ्टवेअरवाल्यांना या चित्रकाराची काय गरज?

आपला ‘र’ घ्या. ‘कर्म’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘क्रम’मध्ये पायाशी जातो, ‘राष्ट्र’मध्ये तिसरंच रूप घेतो. बालाघाटातल्या ‘दऱ्या’ लिहाव्यात आणि उमटावा ‘दर्या’, म्हणजे डोंगराचा समुद्रच! इंग्रजीचं बरं, अक्षरापुढे अक्षर मांडलं की झालं. त्यातून पूर्वी प्रत्येक मराठी फॉन्टची खूण निराळी. एका कॉम्प्युटरवरचं पत्र दुसऱ्यावर उघडलं की नुसती वेडीवाकडी चिन्हं. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. पण त्या क्रमांकांवरून कुठलं जोडाक्षर कसं काढायचं, ते फॉन्टला शिकवावं लागतं. त्यासाठी अक्षर हाताने वळवलेला माणूस हवा. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला आणि विंडोज २०००बरोबर तो घरोघरच्या कॉम्प्युटरवर पोचला. आपल्या कचेऱ्यांमधली किती पत्रं त्यात निघाली असतील!

जोशींच्या पाठीशी मोठ्या संस्था होत्या. आपल्या उमरगा-परंड्याच्या बाईला क्लासची फी आणि एसटीची वेळ दोन्ही सांभाळावी लागतात, हा फरक मी लपवत नाही. तरी २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर टायपिंग शिकलेल्या मुलींना एक सोय होती. मराठी टाइपरायटरचा रेमिंग्टन कळफलक कॉम्प्युटरवरही मिळत होता. बोटं आधीच तयार होती. शिकायचा राहिला होता तो माऊस.