गादी गेली, खुर्ची राहिली

दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरची मोडकी खुर्ची भंगारवाल्याच्या वाटेला लागते. परंतु वाचकहो, ती आपल्याकडे आली कोठून?

भोरचा पंतसचिवांचा राजवाडा १८६९ सालचा. सदरेवर गादी, लोड, तक्के ही आपली जुनी रीत. वेल्ह्याकडे घोंगडी अंथरली की पाहुण्याची सोय झाली. ‘खुर्ची’ हा शब्दच अरबी ‘कुर्सी’वरून आलेला. ‘अलमारी’ पोर्तुगिजांची. वलंदेजांनीही, म्हणजे डचांनी, सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास वखार घातली होती.

त्याच वलंदेजांच्या देशात १९१८ च्या सुमारास रीटफेल्ड या सुतारपुत्राने साध्या फळ्या-दांड्यांची खुर्ची घडविली. महायुद्धानंतर तेथे घरांची टंचाई झाली, तेव्हा हलके, आटोपशीर सामान हवेसे झाले. फ्रिझो क्रामरने १९५३ साली दुमडलेल्या पोलादी पत्र्याच्या पायांची खुर्ची केली. नक्षीचे नाव नाही. तरी आज शौकीन ती शोधून विकत घेतात.

इकडे १९४८ साली भोर संस्थान विलीन झाले. गादी गेली, राहिली ती मामलेदाराची खुर्ची!

म्हणून माळ्यावरची खुर्ची देण्याआधी एकदा पालथी करून सांधे पाहा. सागवान शाबूत असेल, तर सुताराला हाक मारा. वेत नवा विणता येतो. आजोबांची बैठक पुन्हा मिळत नाही.